दोन्ही हात गुंतलेले

कवळ्या बनवणाऱ्या माणसाला एक खोड लागते. समोरच्याचा चेहरा बघायच्या आधी तो दात बघतो. आपल्या या गृहस्थालाही ती होती. कोणाचा दात पिवळट, कोणाचा निळसर, हे त्याला लांबून कळायचं, आणि मोबाइलच्या फोटोत सगळ्यांचे दात सारखेच चुन्यासारखे येतात म्हणून तो चिडायचा. तेवढं निमित्त त्याला पुरलं. त्याने पहिला डीएसएलआर कॅमेरा घेतला आणि बायकोला सांगितलं, "हा एकदाचा घेतला की संपलं."

संपतंय कसलं! कॅमेऱ्याबरोबर आलेली लेन्स महिनाभरात त्याच्या मनातून उतरली. मग पन्नास मिलिमीटरची आली. तिने लेकीच्या मागचा पडदा असा मऊ, धूसर करून दाखवला की स्वारी हवेत. पण लगेच डोक्यात पुन्हा किडा वळवळला: लांबचं काय? शेजारचे निवृत्त झूमकाका तेल ओतायला तयारच असायचे. "पन्नासने काय पाखरं टिपणार?" असं म्हणून ते आपली हातभर लेन्स त्याच्या हातात द्यायचे, आणि परत करताना याच्या जिवावर यायचं. जेवताना एका हातात घास, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि त्यावर लेन्सच्या किमती. चैन म्हणून पडत नव्हती. घरातल्या फ्रिजचं दार सैल झालं होतं, ते खुर्ची लावून बंद ठेवावं लागे. त्या फ्रिजसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून शेवटी लांबची लेन्स घरात आली.

"खुर्चीवर आता तुझी कॅमेऱ्याची बॅग ठेव," बायको म्हणाली. "फ्रिजला मी पाठ लावून उभी राहते."

"अगं, लेकीची उडी टिपायला नको?"

हे मात्र खरं होतं. लेक पोहायला शिकत होती, पण उंच फळीवरून उडी मारायला घाबरायची. कितीदा तरी ती शिडीवरून खाली आली होती. आता तिनेच तोड काढली होती.

"बाबा, मी वर गेले की तू हात वर कर. तो दिसला की मी उडी मारणार."

"करतो की."

"विसरशील."

"त्यासाठीच तर येतोय ना मी."

रविवारी बायकोची ड्युटी होती, म्हणून बापलेक दोघंच गेले. गार गाडीतून लेन्स त्या कोंदट, दमट तलावघरात आली आणि तिच्या काचेवर वाफ धरली. त्याने पुसली, पुन्हा धरली. म्हणून पन्नासची लावली, तर फळीवरची पोर मुंगीएवढी. ती काढली, परत लांबची बसवली. तेवढ्यात प्रशिक्षकाची शिट्टी झाली. मागच्या बाकावरची बाई म्हणाली, "अहो, तुमचीच मुलगी ना ती?"

त्याने कॅमेरा डोळ्याला लावला. वाफ गेली होती. लेकीचा चेहरा हाताच्या अंतरावर आल्यासारखा दिसला: ओले केस, दातांखाली धरलेला ओठ, आणि समोरच्या दातांशेजारचा तो अर्धवट आलेला दात, अगदी खऱ्या रंगात. ती सरळ त्याच्याकडे बघत होती.

हात, त्याला आठवलं. पण डावा हात त्या जड लेन्सखाली होता आणि उजवा बटणावर. एकच घेतो, त्याने ठरवलं. एक घेतला. मग आणखी एक. तिसऱ्यात तिची पाठ आली. ती शिडी उतरत होती.

गाडीत ती टॉवेल गुंडाळून बसली होती.

"तू हात नाही केलास."

"दोन्ही हात गुंतले होते गं. पण फोटो बघ, काय आलाय."

तिने बघितला नाही.

झूमकाकांनी मात्र फोटो बघून त्याची पाठ थोपटली. "डोळे बघ तिचे, अशी नजर विकत मिळत नाही." बायकोने तो मोठा करून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "ही कशाची वाट बघतेय?" त्याने सगळं सांगितलं. तिने कॅमेरा बंद करून बॅगेत ठेवला.

पुढच्या रविवारी त्याने बॅग घरीच ठेवली. बाकावर बसून त्याचे हात नुसते शिवशिवत होते. छतातून छान तिरका उजेड येत होता, तोही त्याला टोचला. लेक शिडी चढायला लागली तेव्हाच तो उभा राहिला आणि हात वर केला. मागच्या बाईला दिसेना, ती कुरकुरली, तरी त्याने खाली घेतला नाही.

लेक फळीच्या टोकाशी आली. तिने खाली पाणी बघितलं, समोरची भिंत बघितली, आणि बाकांकडे मान न वळवता उडी मारली.

ती वर आली तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते. हात वर धरून उभ्या असलेल्या बापाला त्याही वाजवता येईनात. ती काठाला लागली आणि पुन्हा शिडीकडे पळाली. त्याचा हात अजून वरच होता.