न बसणारी रॅम

हेमकांतने दोन्ही तळहातांवर एकेक रॅम, कॉम्प्युटरच्या मेमरीची पट्टी, ठेवली आणि हात वरखाली करून पाहिले. आयुष्य कारखान्याच्या वजनकाट्यावर गेलेलं. काहीही हातात आलं की आधी तोलून बघायचं, ही खोड निवृत्तीनंतरही सुटली नव्हती.

"काका, ती वजनवर इकतस नही," नवल हसला. शहाद्यात त्याचं कॉम्प्युटरचं छोटंसं दुकान होतं. "हाई जुनी, डीडीआर थ्री. तुमना मशीनमा हाईच बठी. आनि हाई नवी, फाईव्ह. हिनासाठे आख्खं मशीनच नवं लागस. स्वप्नालीताईना फोन उना व्हता. ती म्हने, बाबासले नवंच द्या."

"नवं लिधं तर मशीन अटकाव नही?"

"अटकानं नावच नको."

"आनि जुनी टाकी तर?"

"तरीबी बरीच वरसं देखानं काम नही."

हेमकांतचा चेहरा पडला. दोन्हीकडून चांगलीच बातमी द्यावी आणि गिऱ्हाइकाने असं तोंड करावं, हे नवलने पहिल्यांदाच पाहिलं.

त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक! पुरुषोत्तमनगरच्या घरात हेमकांत एकटा राहत होता. मुलगी स्वप्नाली बंगळुरूला नोकरीत. बाप-लेकीचं बोलणं आधी त्याच्या बायकोमार्फत, प्रमिलाबाईंमार्फत, चालायचं. त्या तासभर फोनवर बोलायच्या आणि मग जेवताना नवऱ्याला सगळं सांगायच्या. त्या गेल्या, आणि दोघांच्या लक्षात आलं की आपल्याकडे एकमेकांशी बोलायला स्वतःचं असं काहीच नाही. "जेवनात का?" "जेवनू." "गोळी लिधी?" "लिधी." संपलं. फोन ठेवल्यावर घर आणखीच ओकंबोकं वाटायचं.

मग घरातला जुना कॉम्प्युटर अटकायला लागला. स्वप्नाली दर रविवारी बंगळुरूहूनच तो चालवून दुरुस्त करायला बघायची. पडद्यावरचा बाण आपोआप सरकू लागायचा. "बाबा, हात नका लावा हां," मोबाईलमधून तिचा आवाज यायचा. बाण या फाईलवरून त्या फाईलवर फिरायचा. शिकत असताना होस्टेलवरून घरी आली की ती स्वयंपाकघरातले सगळे डबे अशीच उघडून बघायची. मशीन रखडलं की तेवढ्या वेळात ती घरमालकिणीच्या कटकटी सांगायची, साहेबाची नक्कल करायची. घरात कुणीतरी आहे असं त्याला वाटायचं. सबंध आठवडा तो त्या एका तासावर काढत होता. मशीन सुधारलं की तो तास हातचा जाणार होता.

"हाई दे," त्याने नवी रॅम पुढे केली.

"आनि मशीन?"

"मशीन नको. निस्ती रॅम."

"काका, बठाव नही ती. तिनी खाच दुसरी जागावर शे."

"माले समजनं. तू दे."

नवलने डोकं खाजवलं आणि रॅम पिशवीत घातली.

रविवारी बाण हलला. थोडा इकडेतिकडे फिरून थांबला.

"बाबा, रॅम लयनात ना तुम्ही? आठे तर दिसत नही."

"ती बठत नही," हेमकांत म्हणाला.

तिने व्हिडिओ सुरू करायला लावला. त्याने रॅम मोबाईलसमोर धरली. ती खळखळून हसली. "बाबा, हाई तर फाईव्ह शे! नवलभाऊनी सांगं नव्हतं का?"

सबब त्याने आठवडाभर घोकून ठेवली होती: दुकानदाराने चुकीची दिली. पण नवलसारख्या सरळ पोरावर आळ घ्यायचं त्याच्या जिवावर आलं.

"सांगं व्हतं," तो म्हणाला. "मीच लिधी."

स्वप्नालीचं हसू थांबलं. तिच्या घरात कुकरची शिट्टी झाली, तरी ती उठली नाही. आता ती रागावणार, म्हणून तो मान खाली घालून बसला.

"बाबा," ती म्हणाली, "मशीन चांगलं ऱ्हायनं तरी बोलता येस आपले."

"काय बोलनं?" त्याने विचारलं. त्यात रुसवा नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं.

तिने दोनदा "म्हंजे..." म्हणून पाहिलं आणि सोडून दिलं.

मग बाण हलला. तिने एक फोल्डर उघडलं, बंद केलं, दुसरं उघडलं.

"आठे काहीतरी गडबड शे," ती म्हणाली. पडद्यावर तर सगळं नीट उघडत होतं. "येळ लागी, बाबा."

"लागू दे," हेमकांत म्हणाला.