फौजदाराचा हुकूम

एक्क्याण्णवच्या मंदीत सरकारनं नोकरभरती आवळली आणि पलटणीतून घरी परतलेल्यांचे हाल कुत्रा खाईना. वरकुट्याचा हवालदार रामभाऊ त्यातलाच. चाळिशीही गाठली नव्हती, अंगात रग होती, आणि दिवसभर काम काय, तर पारावर बसणं. सरकारी गुदामावर राखणदारांच्या काही जागा माजी सैनिकांसाठी ठेवलेल्या होत्या. त्याही तहसील कचेरीतले साहेब आपल्या ओळखीच्यांना देणार आणि आज पुण्याला जाऊन पक्कं करणार, अशी बातमी फुटली. म्हणून सकाळपासून ही मंडळी इंदापूरच्या कचेरीच्या फाटकात ठाण मांडून बसली होती. साहेबांची जीप गेली की जागा गेल्या.

आता फौजी माणसाला धरणं कसलं जमतंय? रांगा सरळ, बुटांना पॉलिश, घोषणासुद्धा एका दमात. रामभाऊची बायको तुळसा भाकरी घेऊन आली, तर तिलाही त्यांनी रांगेतच बसवलं.

दुपारी जीप निघाली. पुढं फौजदार आला. तो बेरकी; त्यानं काठीला हातही लावला नाही. छाती फुगवून ओरडला, "परेड, सावधान!"

सगळे ताडकन उठले.

"दाहिने मुड! तेज चल!"

उजवीकडं वळून सगळे रस्त्याकडेच्या लिंबापर्यंत चालत गेले, रामभाऊ सगळ्यांत पुढं. "थम" झालं तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जीप मात्र जागची हलली नव्हती. चाकांपुढं तुळसा एकटी बसली होती.

"बाई, उठा," फौजदार म्हणाला.

"मी न्हाय पलटणीत," तुळसा म्हणाली.

रामभाऊचा जोडीदार आबाजी खुदकन हसला. रामभाऊला हसू आलं नाही. वर्दी चढली तेव्हापासून गाव त्याला मानानं हाक मारू लागलं होतं. त्या मानापायी त्यानं आजवर एकही हुकूम मोडला नव्हता.

तो फाटकाकडं निघाला.

"सावधान!" फौजदार कडाडला.

रामभाऊच्या टाचा आपोआप जुळल्या. क्षणभर तो तसाच उभा राहिला. मग चालत गेला आणि तुळसाशेजारी मांडी घालून बसला. मागोमाग आबाजी आला, मग बाकीचे. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.

"तुमास्नी कुणी सांगितलं बसायला?" तुळसानं हळूच विचारलं.

"कुणीच न्हाय," रामभाऊ म्हणाला.