ओठांच्या चार बोटं अलीकडे

“पुन्हा तिथंच थांबला,” मॅडम म्हणाल्या.

लाकडी खांद्याला जोडलेला हात कप घेऊन वर आला होता आणि जिथे माणसाचे ओठ आले असते, त्याच्या चार बोटं अलीकडे थबकला होता. झडपेतून बारीक फुस्स झालं. क्षणभर हात तसाच राहिला, मग मुकाट वर गेला.

“रबर थकलं असेल,” ताई म्हणाली. “बदलून बघते.”

प्रयोगशाळेत सगळे तिला ताई म्हणत. हाताचे स्नायू तिनेच बनवलेले: जाळीच्या मोज्यात बसवलेल्या रबरी नळ्या. हवा भरली की नळी फुगते आणि आखडते. पुढची आखडली की कोपर वाकतं, मागची आखडली की सरळ होतं. पण रबर मोठं लहरी. तेवढीच हवा भरली तरी ते कालच्या जागी येईलच असं नाही. म्हणून कोपरावरचा सेन्सर हात कुठे आहे ते सांगत राहतो आणि प्रोग्रॅम हवा कमीजास्त करत त्याला ठरल्या जागी आणतो.

थकलेलं रबर कसं वागतं, हे ताईला पाठ होतं. ते असं थांबत नाही.

असा तिचा नवरा थांबायचा. शिंपी होता. अर्धांगवायूने उजवा हात लुळा पडला तेव्हा तिनेच त्याला चाचण्यांसाठी इथे आणलं. हा रबरी हात दंडावर चढवून तो रोज चहा प्यायचा. “आता चहात माझा हात कोण धरतंय,” म्हणायचा. आणि चहा कितीही निवलेला असो, फुंकर मारल्याशिवाय घोट घ्यायचा नाही. मग तो गेला आणि हात स्टँडवर आला.

उद्यापासून हात प्रयोगशाळेच्या ड्रायव्हरकाकांना द्यायचा होता; त्यांचाही हात आता कोपरात वाकत नव्हता.

ताईने जुन्या नळ्या सोडवल्या आणि पिशवीत ठेवल्या. ते थांबणं रबरात मुरलेलं असेल, तर ते घरी तरी नेता येईल. नव्या नळ्या बसवून तिने हवा सोडली.

कोऱ्या रबराचा हात वर आला. चार बोटं अलीकडे थांबला. फुस्स.

ताईने नव्या नळ्या चाचपून पाहिल्या.

“म्हणजे रबर नाहीच,” मॅडम स्क्रीनकडे पाहत म्हणाल्या. “माणूस जिथे अडवेल तिथे थांबायचं, हे प्रोग्रॅम शिकत जातो. पण हे शिकला कुणाकडून?”

“ह्यांच्याकडून. चहा फुंकून प्यायचे.”

मॅडमचे हात कीबोर्डवरून खाली आले. “मग राहू दे ना, ताई. क्षणभराचा तर प्रश्न.”

“काकांच्या बोटांना कंप आहे. अधांतरी थांबला की कप कलंडेल. चटका त्यांना बसेल.”

“निदान एक प्रत ठेवते.”

“ठेवून काय करू? स्टँडला रोज चहा पाजू?”

दोघीही हसल्या नाहीत.

“एकदा चालवा,” ताई म्हणाली आणि वाकून गाल तिथे नेला. हात आला, थांबला. झडपेतली हवा तिच्या गालाला लागली. मग प्रोग्रॅमने शिकलेलं सगळं तिने स्वतःच्या हाताने पुसून टाकलं. नळ्यांची पिशवी भंगाराच्या खोक्यात रिकामी केली.

दुसऱ्या दिवशी काकांच्या दंडावर चढलेला हात सरळ ओठांपर्यंत गेला.

“झकास चालतंय हो,” काका म्हणाले. “फक्त चहा कढत आहे.”

पुढच्या खेपेला कप वर येताना ताईचा हात आपसूक मध्ये गेला. चार बोटं अलीकडे तिने तो अडवला आणि चहावर फुंकर घातली.

“ताई,” मॅडम हळूच म्हणाल्या, “हात काढा. शिकेल तो.”

तिने हात काढून घेतला. कप सरळ वर गेला.

तिसरा कप तिने ओट्यापाशी, पाठमोरी उभी राहून फुंकला. पुरेसा निवला तेव्हा आणून त्या हातात दिला.