डाव्या हाताचं तिकीट

पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यात पेट्या बांधणाऱ्या ज्योतीरामाला एकच वेड होतं, आणि त्यापायी त्याची बायको कौशल्या निम्म्या काळेवाडीच्या थट्टेचा विषय झाली होती. "तुमचं मालक रद्दीतली पाकिटं का वो गोळा करत्यात?" बायका विचारत. त्याला पाकिटं नव्हे, टपालाची तिकिटं हवी असत. सांचीचं तोरण, कोणार्कचा घोडा, विजापूरचा गोल घुमट असा मोठा थाट त्याच्या वहीत मांडलेला होता. तिकिटाला कुणी बोट लावलेलं त्याला खपत नसे. उचलायचं ते चिमट्यानंच.

एक जागा मात्र मोकळी होती. आण्याच्या तिकिटावरचा बोधिसत्त्व पहिल्यांदा उलटा छापला गेला होता, उजव्याऐवजी डावा हात पुढे. जिथं नक्कल होऊ नये म्हणून कागदाच्या पोटात जलचिन्हाच्या चांदण्या लपवतात आणि उजेडाला धरल्याशिवाय त्या दिसत नाहीत, अशा कडेकोट सरकारी छापखान्यात ही गंमत व्हावी याचं ज्योतीरामाला भारी अप्रूप. चूक लवकरच सुधारली गेली, आणि डाव्या हाताचं तिकीट काही त्याला गावलं नाही.

सासरे चिमाजीआबा पाटणच्या डोंगरात राहत. जावयानं त्यांना दिवाळीत नेहमीचं तिकीट दाखवून सगळं समजावलं होतं. आबा म्हणाले, "देवाचा हात डावा असंल तर काय बिघडलं? पर बगतो मी." ज्योतीराम हसला आणि विसरून गेला.

थंडीच्या दिवसांत मेव्हण्याचं पाकीट आलं. कौशल्याला वाचता येत नव्हतं. तिनं ते नवऱ्याच्या हातात दिलं आणि पिठाचे हात पुसत समोर उभी राहिली. आबा गेले होते. कौशल्यानं हंबरडा फोडला.

मर्तिकाचं पत्र घरात ठेवत नाहीत. ज्योतीराम उंबऱ्याबाहेर गेला आणि पत्र पाकिटासकट उभं फाडलं. मग कुठं त्याची नजर तिकिटांवर गेली. दोन तिकिटं शेजारीशेजारी होती. एकाचा उजवा हात पुढे, दुसऱ्याचा डावा, आणि मधोमध फाटलं होतं ते नेमकं डावं.

"अरारा!" त्याच्या तोंडून गेलं, आणि लगेच त्याला स्वतःची लाज वाटली. आत बायको बापासाठी रडतेय आणि हा गडी तिकिटासाठी हळहळतोय! पत्राचे तुकडे त्यानं पवना नदीत सोडले. पाकिटाचे सोडवेनात, आणि घरात तर नेता येईनात. शेवटी घरामागच्या भिंतीच्या फटीत, बाहेरच्या बाहेर, ते खुपसून तो आत गेला.

दहाव्याला दोघं गावी गेली. बोलता बोलता मेव्हणा हिंदुराव म्हणाला, "दाजी, घरात कार्ड नव्हतं. आबांच्या ट्रंकेत एक पाकीट हुतं, त्येच घेतलं. कौशीचं लगीन झालं तवा तिला धाडाया आणल्यालं, तिकीट लावून. कुणाकडनं लिव्हून घ्यायचं ऱ्हाऊनच गेलं. दिवाळीपास्नं ते येगळं काढून ठेवल्यालं, जावईबापूंना दावायचं म्हनून. का, ते काय उमगलं न्हाई. एका तिकिटावर जाईना, मग दुसरं मीच लावलं."

कौशल्या भावाकडे बघत राहिली. ज्योतीरामाला मान वर करवेना.

काळेवाडीला परतल्यावर ती कुलूप न काढताच घरामागं गेली. नवऱ्यानं फटीत काय ठेवलंय ते तिनं त्याच दिवशी पाहिलं होतं. दोन्ही तुकडे पदरात घेऊन ती उंबऱ्याशी आली.

"अगं, मर्तिकाचं हाय ते," ज्योतीराम पुटपुटला.

"मर्तिकाचा कागूद दादानं लिव्हल्याला. पाकीट माझ्या आबांचं हाय, माझ्या नावानं घेतल्यालं. उशिरा आलं, येवढंच."

तेव्हा ज्योतीरामाला रडू फुटलं. इतके दिवस तो बायकोला सावरत होता. सासऱ्यासाठी तो आता रडला.

फाटकं तिकीट कुठलाच शौकीन वहीत ठेवत नाही. ज्योतीरामानं पाकिटाच्या तुकड्यांवरून ते कातरून घेतलं, वही उघडली, मोकळी जागा काढली आणि सवयीनं चिमटा शोधू लागला. तोवर कौशल्यानं भाताची खळ बोटावर घेतलीसुद्धा.

"डावा हात म्होरं, नव्हं?" तिनं विचारलं.

"व्हय."

तिनं तिकिटाचे दोन्ही तुकडे जुळवून लावले आणि अंगठ्यानं दाबून धरले, खळ वाळेपर्यंत. त्यानं तिला अडवलं नाही.