तिसऱ्या क्रमांकाची डिस्क

शिवकन्याचे वडील सिदू पाली गावाला मेंढरं राखायचे आणि ती बीडमधल्या एका खासगी दवाखान्याच्या रक्तपेढीत कॉम्प्युटर सांभाळायची. तिथं दोन सर्व्हर होते आणि दोघांना मिळून डिस्कची एकच पेटी. एक बंद पडला तर दुसऱ्यानं काम उचलायचं, म्हणून दोघांनाही त्याच डिस्क दिसायच्या. आदल्या दिवशी पेटीत एक कोरी डिस्क बसवली होती.

सकाळी अकराला तिचे वरिष्ठ सोमेश्वर सर नारायणगडाहून फोनवर बोलले. पहिल्या सर्व्हरवर त्यांनी बघितलं होतं, तिसऱ्या क्रमांकाची डिस्क कोरी आहे. ती फॉरमॅट कर, म्हणजे पुसून वापरायला तयार कर, पण दुसऱ्या सर्व्हरवरून, कारण पहिल्यावर काम चालू आहे, असं ते म्हणाले. शिवकन्यानं दुसरा सर्व्हर चालू केला आणि तिसरी डिस्क निवडली. यात माहिती आहे, पुढं जायचं का, असं पडद्यावर आलं. कारखान्यातलं काहीतरी राहिलं असेल असं वाटून तिनं हो म्हटलं.

पाच मिनिटांत रक्तपेढीतल्या वनमाला सिस्टर दारात आल्या. पडद्यावर एका पेशंटपुढं दुसऱ्याचाच रक्तगट दिसत होता.

प्रत्येक डिस्कवर कारखान्याचा एक कायमचा लांबलचक नंबर असतो. शिवकन्यानं दोन्ही सर्व्हरवर दिसणारे डिस्कचे नंबर ताडून पाहिले. दुसऱ्यानं चालू होताना डिस्क वेगळ्याच क्रमानं मोजल्या होत्या. त्याची तिसरी म्हणजे रक्तगटांची डिस्क. तीच तिनं पुसली होती, आणि पहिल्या सर्व्हरवर अर्धवट उरलेल्या नोंदी एकमेकांत मिसळल्या होत्या.

तिनं दुसऱ्या सर्व्हरची केबल उपसली आणि सरांना फोन लावला. डिस्क खराब झाली म्हणून सांग, आपलं नाव काढू नको, असं ते म्हणाले.

तिनं फोन ठेवला. एवढ्यात कुणाला रक्ताची पिशवी दिली का, तिनं सिस्टरांना विचारलं. छबुबाई नावाच्या पेशंटची पिशवी आत्ताच खाली ऑपरेशनला गेली होती, आणि तिच्यासोबतची रक्तगटाची चिठ्ठी त्याच पडद्यावरून काढलेली.

ती जिना उतरून धावली. पायऱ्या संपतच नव्हत्या. पिशवी स्टँडला लटकलेली होती, नळी अजून जोडायची होती.

"लावू नगा. चिठ्ठी चुकीची असंल. माझ्या हातनं चूक झालीय."

डॉक्टरांनी हात आवरला. छबुबाईंचा गट हातानं तपासला. चिठ्ठीवर बी होता, त्या निघाल्या ओ. बरोबर पिशवी यायला चौदा मिनिटं लागली. तेवढा वेळ शिवकन्या भिंतीला टेकून उभी होती आणि आतल्या यंत्राचा आवाज मोजत होती. छबुबाई वाचल्या.

तिनं डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं, सरांचा सल्लासुद्धा. पहाटेचा बॅकअप चढवला आणि मधल्या सहा तासांची माहिती वनमाला सिस्टरांनी पिशव्यांवरून वाचून दिली. मग प्रत्येक डिस्कला तिच्या कायमच्या नंबरावरून एक नाव दिलं, दोन्ही सर्व्हरवर तेच. दुसरा सर्व्हर तिनं पुन्हा चालू केला. क्रम परत बदलला, पण नावं जागची हलली नाहीत.

कोरी डिस्क अजून फॉरमॅट करायचीच होती. वनमाला सिस्टर तिच्या कायमच्या नंबराचा एकेक आकडा मोठ्यानं वाचत होत्या आणि शिवकन्या बोट ठेवून ताडत होती.

"बराबर हाय?" त्यांनी विचारलं.

"परत एकदा वाचा," ती म्हणाली.