जिथे डोळा लागला

नव्या शहरात नोकरीला लागल्यापासून ताईची झोप उडाली होती. दिवसभर दवाखान्यात लोकांचे दात तपासायचे आणि सुट्टीच्या दिवशी धाकट्या भावाला घेऊन भाड्याच्या खोल्या बघत हिंडायचं. दवाखान्याशेजारची उंच इमारत भावाला पसंत होती. "लिफ्ट आहे, खाली दुकानं आहेत. आणखी काय हवं तुला?" तो म्हणायचा. तिला ते सांगता येत नव्हतं.

त्या दुपारी ते कालव्याकाठच्या जुन्या वस्तीत आले. घरमालकीण काकूंनी वरची खोली उघडली आणि भावाला गच्ची दाखवायला नेलं. ताई भिंतीला टेकून बसली. खाली सुताराचा रंधा चालला होता. शेजारी कुणीतरी बासरीवर एकच सूर पुन्हा पुन्हा चुकत होतं. पाण्यावरून उसळलेलं ऊन छतावर लाटांसारखं हलत होतं. बघता बघता सगळी खोलीच संथ वाहत चालल्यासारखी वाटली.

जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. अंगावर कुणाची तरी शाल होती. भाऊ दारात गाल फुगवून बसला होता.

"खोली बघायला आलो होतो की घोरायला?"

"मग उठवायचं ना!"

"काकू उठवू देतील तर ना! सुतारालासुद्धा गप्प बसवलं त्यांनी."

ताई हसली. "इथेच राहते मी."

"अगं, दवाखाना केवढा लांब पडेल!"

"पडू दे. जा, काकूंना सांगून ये," असं म्हणत तिने शाल गळ्यापर्यंत ओढली. "मी आणखी जरा पडते."