उतरलेला थर

तिनं लांब दांड्याचा झारा टाकीत घातला आणि वर तरंगणारे चंदेरी तुकडे कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात दाबून धरले. बारीक बुडबुडे उठू लागले. खिडक्या सताड उघड्या होत्या, पंखा वाफ बाहेर ओढत होता आणि तिच्या हातांत कोपरापर्यंत रबरी मोजे होते.

खाऊच्या पाकिटांचा तो चकचकीत कागद म्हणजे मुळात प्लॅस्टिकच. वर ॲल्युमिनियमचा थर, केसाहूनही कितीतरी बारीक. त्या थरापायी भंगारवालेसुद्धा त्याला हात लावत नसत. थर उतरला की मात्र प्लॅस्टिक वितळवून त्याचे दाणे करता येतात. पाकिटांच्या कारखान्यानं तिला सांगितलं होतं, स्वच्छ दाणे दाखवा, आमचा वाया गेलेला सगळा माल तुमच्याकडे पाठवतो. आधीच्या प्रयत्नांत तुकड्यांवर डाग राहिले होते. पाणी मध्येच गार पडतं, हे तिनं शोधून काढलं आणि टाकीला जाड अस्तर लावून घेतलं. आज जमणार, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती.

शेडच्या दारात सासरे उभे होते.

तिनं झारा तसाच धरून ठेवला. ते इथं पहिल्यांदाच येत होते. त्याच कारखान्यात, थर चढवायच्या यंत्रावर त्यांची सारी नोकरी झाली होती. तिनं घरात हा बेत सांगितला तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, आम्ही चढवायचा आणि तुम्ही उतरवायचा, छान. तेव्हापासून त्यांचं तिच्याशी बोलणं मीठ दे, दार लाव, एवढ्यावर आलं होतं.

त्यांनी पिशवीतून पंच्यात गुंडाळलेला एक तुकडा काढला. निवृत्तीच्या दिवशी यंत्रावरून उतरलेल्या शेवटच्या गुंडाळीचा तो तुकडा घरात सगळ्यांच्या ओळखीचा होता. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला असायचा आणि ते त्यात बघून दाढी करायचे.

“हा टाक.”

“बाबा, हा नको. तुकड्यांचा ढीग पडलाय इथं.”

“ते कुणी चढवलेत कोण जाणे. माझा निघाला तर खरं.”

तिला नाही म्हणायचं होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. यंत्र तपासायला साहेब येणार असला की माणूस जसा अंग सावरून उभा राहतो, तसे ते उभे होते. तिनं त्यांना मोजे दिले, चष्मा दिला आणि टाकीपाशी जागा करून दिली.

“तुम्हीच टाका.”

त्यांनी तुकडा अलगद पाण्यावर सोडला. कडा करड्या झाल्या. मग मधोमध एक स्वच्छ ठिपका उमटला आणि तो पसरत गेला. ते वाकून बघायला लागले तसं तिनं त्यांना दंडाला धरून मागे घेतलं. थोड्या वेळानं तिनं तुकडा बाहेर काढला, साध्या पाण्यात खळबळून धुतला आणि उजेडाकडे धरला. पलीकडे सासऱ्यांचा चेहरा लख्ख दिसत होता.

त्यांनी तो हातात घेऊन कोपरान्‌कोपरा तपासला.

“एक डाग नाही,” ते म्हणाले. “म्हणजे थर सगळीकडे सारखा बसला होता.”

“आणि सोडाही बेतशीर पडला होता.”

“तोही,” त्यांनी कबूल केलं.

तुकडा ते परत नेतील असं तिला वाटलं. त्यांनी तो वितळवायच्या टोपलीत इतरांबरोबर टाकला. मोजे मात्र काढले नाहीत. पुढचा माल कुठं ठेवलाय, असं विचारून ते पोत्यांकडे वळले.

दुपारी नवऱ्याचा फोन आला. बाबा सकाळपासून घरात नाहीत, कपाटाचं दार उघडं आहे, तुझ्यावर रुसून कुठं गेले तर नाहीत ना, असं तो काळजीनं विचारत होता.

तिनं टाकीकडे पाहिलं. सासरे झारा धरून उभे होते आणि पंख्याच्या आवाजाला नावं ठेवत होते.

“कामावर गेलेत,” ती म्हणाली. “संध्याकाळी येतील.”